कोल्ड्रिंक सोडण्याची शपथ नको, तयारी हवी!

व्यसनमुक्ती म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर दारू, गुटखा, तंबाखू आणि अलीकडे मोबाईलवरचा जुगार येतो. त्यावर शिबिरे होतात, पथनाट्ये होतात, भाषणे होतात. आणि त्याच शिबिराच्या मध्यंतरात दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या व कागदी पेले येतात. कुणालाही त्यात काही खटकत नाही.

आधीच स्पष्ट करतो. कोल्ड्रिंक म्हणजे दारू नव्हे. कोल्ड्रिंक पिणाऱ्याचा शीलभंग झाला असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. लग्नात, सहलीत कुणी एक पेला घेतला तर आकाश कोसळत नाही. प्रश्न त्या तरुणांचा आहे जे रोज एक, दोन, तीन बाटल्या पितात. पार्सल पोचवणारे, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणारे स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी. वस्तीत काम करताना यातले अनेकजण मला सांगतात, "दादा, सोडायचे आहे, पण चार दिवसांत परत सुरू होते." आणि पुढे स्वतःच निकाल देतात, "माझी इच्छाशक्तीच कमी आहे."

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. इच्छाशक्ती कमी नाही. तयारी कमी आहे.

महाडच्या सत्याग्रहाशी कोल्ड्रिंक सोडण्याची तुलना करण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. पण कोणत्याही बदलाची पद्धत तिथून जरूर शिकता येते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले हे आपल्याला पाठ आहे. त्या आधी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला होता, परिषदेसाठी माणसे गावोगाव फिरली होती, हे आपण विसरतो. दिसते ती ओंजळ. तिच्या मागची साडेतीन वर्षे दिसत नाहीत. आपण मात्र रविवारी रात्री शपथ घेतो आणि बुधवारी टपरीवर उभे असतो.

ही सवय आली कुठून?

समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षात सी. राइट मिल्स शिकवला जातो. १९५९ सालच्या त्याच्या पुस्तकातला मुद्दा साधा आहे: एका माणसाची अडचण ही त्याची खासगी अडचण असते, पण तीच अडचण हजारोंची असेल तर तिचे कारण समाजाच्या रचनेत शोधावे लागते. आपल्या वस्तीच्या नाक्यावर चार टपऱ्या असतात आणि चारही टपऱ्यांत कंपनीने दिलेला काचेचा फ्रीज असतो. त्याच नाक्यावर पिण्याच्या पाण्याचा एक सार्वजनिक नळ दाखवा! दहा रुपयांत छोटी बाटली, वीस रुपयांत एनर्जी ड्रिंक, आणि साध्या पाण्याच्या बाटलीलाही जवळपास तेवढेच पैसे. उन्हात आठ तास दुचाकी चालवलेला पोरगा काय उचलेल? त्याला मालक जेवणाची सुट्टी देत नाही, ती भूक साखर मारते. झोप पुरी होत नाही, ती कॅफिन ढकलते. ही त्याची चैन नाही. न मिळालेल्या सुट्टीची, न मिळालेल्या जेवणाची आणि न मिळालेल्या पाण्याची ही भरपाई आहे, आणि ती तो स्वतःच्या खिशातून करतो आहे.

बाजाराने आपला शब्दसुद्धा घेतला. घरी आलेल्या पाहुण्याला आपण विचारतो, "चहा घेणार की थंड?" इथे थंड म्हणजे माठातले पाणी नव्हे, ताकही नव्हे, थंड म्हणजे बाटली. २००३ च्या सुमारास पाच रुपयांत २०० मिलीची बाटली आणि 'ठंडा मतलब कोका-कोला' ही जाहिरात खेड्यापाड्यांत पोचली, त्या काळात जन्मलेली मुले आज विशीत आहेत.

सीलबंद बाटलीची प्रतिष्ठा

आता एक असा मुद्दा मांडतो जो आरोग्याच्या व्याख्यानात कधी येत नाही. आपल्या घरी कोल्ड्रिंकला इतका मान का? ज्यांच्या हातचे पाणी नाकारले गेले, त्या समाजाच्या घरी सीलबंद बाटली ही सोय म्हणून आली. गावातला सवर्ण पाहुणा, पुढारी, अधिकारी आपल्या घरचा चहा 'आत्ताच झाला' म्हणून टाळतो, पाण्याच्या तांब्याकडे बघत नाही, पण बाटली चालते. बाटलीला कुणाचा हात लागलेला नसतो ना! आणि आपल्या आईवडिलांना वाटते, चला, माणूस आपल्या घरी काहीतरी घेऊन गेला. पाहुण्यासमोर बाटली ठेवणे म्हणजे आपणही आता कमी नाही, असे सांगणे होते. त्या पिढीच्या या भावनेची मी टिंगल करणार नाही. त्यामागे अपमानाचा मोठा इतिहास आहे.

पण आपण विचार करायचा की नाही? बाटलीने विटाळ संपवला नाही, फक्त झाकला. ज्याला तुमच्या माठातले पाणी चालत नाही त्याला बाटली देऊन तुम्ही त्याची सोय करता, स्वतःची प्रतिष्ठा वाढवत नाही. महाडचा लढा पाण्यासाठी होता, पाण्याला पर्याय शोधण्यासाठी नव्हता.

आणि ती बाटली ज्या पाण्यातून भरते ते पाणी कुणाचे असते? केरळच्या पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचीमाडात २००० साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. थोड्याच काळात आसपासच्या विहिरी आटू लागल्या आणि उरलेले पाणी पिण्यालायक राहिले नाही अशी लोकांची तक्रार होती. एप्रिल २००२ मध्ये मयिलम्मा या आदिवासी महिलेच्या पुढाकाराने आंदोलन उभे राहिले. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. २०१० मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २१६ कोटी रुपयांहून अधिक नुकसानीचा अंदाज दिला. विहिरी मुख्यतः आदिवासींच्या आणि दलितांच्या होत्या, हे वेगळे सांगायला नको.

तयारी म्हणजे नेमके काय?

पहिला आठवडा काहीही सोडू नका. फक्त लिहा. मोबाईलमध्ये किंवा वहीत प्रत्येक बाटलीमागे पाच गोष्टी नोंदवा: वेळ, जागा, सोबत कोण होते, किती रुपये गेले, आणि त्या क्षणी नेमके काय हवे होते. तहान, भूक, झोप घालवणे, की नुसती मित्रांची सोबत? शत्रूचा अभ्यास न करता लढाईला जाऊ नये एवढेच हे आहे. आठवड्याने वही उघडली की दिसेल, आपल्याला कोल्ड्रिंक हवेच असते असे फार थोड्या वेळा असते.

मग प्रत्येक गरजेला तिचे स्वतःचे उत्तर द्या. तहानेसाठी निघताना भरलेली बाटली सोबत ठेवा. भुकेसाठी खिशात चणे-शेंगदाणे, नाहीतर एक केळे. झोपेसाठी शक्य तिथे वीस मिनिटे डोळे मिटणे. बुडबुड्यांचीच ओढ असेल तर साधा सोडा, लिंबू आणि मीठ, साखर न घालता. मित्रांच्या सोबतीसाठी नाक्यावर जरूर जा, पण हातात पाण्याची बाटली घेऊन जा. 'फळांचे पेय' म्हणून मिळणाऱ्या आंब्याच्या बाटलीकडे वळू नका, तिच्यातही साखर असतेच. बिनसाखरेच्या 'झिरो' बाटलीत साखर नसते हे खरे, पण कोला असेल तर कॅफिन तेच राहते आणि हात टपरीकडे जाण्याची सवयही तीच राहते.

साखरेचा हिशेब एकदा समजून घ्या. बहुतेक गोड कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलीत २५ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की मोठ्या माणसाने अशी वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आसपास आणली तर अधिक चांगले. एका छोट्या बाटलीतच हा २५ ग्रॅमचा कोटा संपतो. चहातली साखर तर अजून मोजलेलीच नाही.

चार दिवसांत परत का सुरू होते, याचे उत्तर कॅफिनमध्ये आहे. रोज कॅफिन घेणाऱ्याने ते एकदम बंद केले की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, सुस्ती येते. दुसऱ्या दिवशी त्रास सर्वात जास्त असतो आणि दोन ते नऊ दिवसांत तो जातो. हे माहीत नसलेला तरुण दुसऱ्या दिवशी समजतो, 'मला हे जमणार नाही.' माहीत असलेला समजतो, 'ठरल्याप्रमाणे चालले आहे.' दोघांची इच्छाशक्ती सारखीच असते, फरक माहितीचा आहे. म्हणून दिवसाला तीन बाटल्या असतील तर दर तीन-चार दिवसांनी एक कमी करा. एनर्जी ड्रिंकवाल्यांनी तर विशेष सावध राहावे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिन असू शकते, आणि लहान मुले, गरोदर व स्तनपान करणाऱ्या महिलांसाठी ते योग्य नाही, दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये, असे बाटलीवर छापावे लागते. छापलेले असते. अक्षर बारीक असते, एवढेच. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

नंतर पैसा. रोज वीस रुपये म्हणजे महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,३०० रुपये. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. 'आम्ही कर भरतो' म्हणून आरक्षणावर तोंडसुख घेणाऱ्यांना सांगा, वस्तीतला पोरगा प्रत्येक घोटाला कर भरतो! वाचलेले पैसे मात्र नुसते 'वाचले' म्हणून सोडू नका, नाहीतर ते दुसऱ्या टपरीवर जातील. त्यांना आधीच नाव द्या: अभ्यासिकेची फी, परीक्षेचा अर्ज, पुस्तक.

आणि सर्वात अवघड तयारी म्हणजे नकाराची. मावशीने कौतुकाने पेला भरून पुढे केला तर "मी ही घाण पीत नाही" असे म्हणणारा सुधारक मला नको आहे. त्याने मावशीचा अपमान होतो. "मावशी, मला तुझ्या माठातले पाणी दे," असे म्हणा. आपल्या घरी पाणी मागून पिणे याला आपल्या इतिहासात जो अर्थ आहे तो मावशीला समजावून सांगावा लागणार नाही.

एकट्याने नको, दिवस ठरवून

मे महिन्याच्या उन्हात सोडण्याचा हट्ट धरू नका. तेव्हा बाजार सर्वात जोरात असतो. माझा प्रस्ताव आहे: आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास. पाऊस असतो, तहान कमी असते, आणि विहारात ग्रंथवाचनाला आपण तसेही रोज भेटतो. वाचन संपल्यावर पाच मिनिटे एकमेकांना विचारायचे, आज कसे गेले? कुणी एखादा दिवस घसरला तर त्याला फैलावर घ्यायचे नाही. कुठे, कधी, का घसरला ते वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालायचे. त्या आधीचा महिना वही भरण्याचा.

संघटना म्हणूनही तीन गोष्टी आजच ठरवता येतील. आपल्या शिबिरात, बैठकीत कोल्ड्रिंक येणार नाही. माठ, ताक किंवा कोकम येईल. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बाटल्या वाटणाऱ्या प्रायोजकाऐवजी आपली पाणपोई असेल. आणि वस्तीच्या नाक्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ मिळावा म्हणून नगरपालिकेकडे लेखी अर्ज जाईल. तिसरी गोष्ट झाली नाही तर पहिल्या दोन फार टिकणार नाहीत.

काहीजण म्हणतील, अत्याचार आहेत, बेरोजगारी आहे, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि तुम्ही कोल्ड्रिंक घेऊन बसलात? हा प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर एवढेच की त्या लढाया लढणारे शरीर हेच आहे. पस्तिशीत मधुमेह घेऊन फिरणारे कार्यकर्ते चळवळीत आजही कमी नाहीत. त्या सर्वांचे कारण कोल्ड्रिंक आहे असे मी म्हणत नाही. पण हे एक कारण असे आहे की जे हटवायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

तर मित्रांनो, आज शपथ घेऊ नका. आज फक्त वही घ्या.

जय भीम!