मामीला बालीत माकड चावलं, आणि सहा दिवस कोणी काही बोललं नाही

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण आपल्या बोनकोड्यात आणि कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यात ज्यांनी सुट्टीसाठी बाली, थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका असं काही बुक केलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. मामीला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको टाकू. गावात सगळे माकडीण म्हणतील."

तर झालं असं. मामी-मामा आणि त्यांच्या ओळखीतली पाच-सहा जोडपी ग्रुप टूरने बालीला गेली. पहिलाच परदेश प्रवास. तिथे उलुवाटू नावाचं समुद्राच्या कड्यावरचं देऊळ आहे, ते दाखवायला नेलं. त्या देवळातली माकडं चोर म्हणून जगात प्रसिद्ध आहेत. चष्मा, मोबाईल, टोपी पळवतात आणि खाऊ दिला की परत करतात. यावर परदेशी संशोधकांनी रीतसर अभ्यास केलाय, की कुठल्या वस्तूला जास्त खाऊ मिळतो हेही त्या माकडांना कळतं! मामीचा चष्मा गेला. मामी आपल्या गावची, ती काय सोडते? ओढाओढी झाली आणि माकडाने उजव्या हाताच्या अंगठ्याखाली दात रोवले.

रक्त आलं. टूरच्या माणसाने बाटलीतलं पाणी ओतलं, पट्टी लावली आणि म्हणाला, "काही नाही होत काकी, इथली माकडं देवाची आहेत. रोज चावतात." बस सुटायची होती. पुढे सूर्यास्ताचा नाच बघायचा होता, त्याची तिकिटं काढलेली. मामीने रुमाल गुंडाळला आणि नाच बघितला. हा मंगळवार. शनिवारी विमानाने घरी. रविवारी सगळ्यांना वाटायला आणलेली चॉकलेटं द्यायला आली तेव्हा मी हात बघितला. म्हटलं, "मामी, हे काय?" तर "काही नाही रे, जरा ओरबाडलंय." मामा हळूच म्हणाले, "माकड चावलंय. सांगू नको म्हणाली."

का सांगू नको? दोन कारणं. एक म्हणजे सगळ्यांची टूर आपल्यामुळे खराब नको. दुसरं खरं कारण नंतर कळलं. मामीच्या लहानपणी शेजारच्या पोराला कुत्रा चावला होता आणि त्याला पोटात चौदा इंजेक्शनं घेताना तिने बघितलं होतं. त्याचा आक्रोश तिला आजही आठवतो. म्हणजे रेबीजपेक्षा तिला त्या चौदा सुयांची भीती जास्त होती.

तिची भीती काही खोटी नाही. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ च्या सुमारास ती तयार केली आणि आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षं तीच टोचली गेली. ती २००४ च्या शेवटी बंद झाली. बंद होऊन वीस वर्षं उलटली तरी आपल्या घराघरांत अजून "पोटात चौदा" हेच चालू आहे. आता इंजेक्शन दंडावर. स्नायूत घेतलं तर पाच वेळा (पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी), आणि सरकारी दवाखान्यात देतात तसं कातडीत घेतलं तर चार फेऱ्या (०, ३, ७, २८), प्रत्येक फेरीला दोन्ही दंडांवर थेंबभर. धनुर्वाताच्या इंजेक्शनपेक्षा कमी दुखतं, हे मामीचंच मत.

पण लस ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी गोष्ट ऐकलेलीच नसते, आणि माझा सगळा राग तिथेच आहे.

रविवारी दुपारी आम्ही जवळच्या एका डॉक्टरकडे गेलो. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "माकडच ना, कुत्रा नाही ना? मग ठीक आहे." मी मोबाईलवर वाचून गेलो होतो म्हणून अडून बसलो, नाहीतर घरी आलो असतो. आपल्या देशाच्या रेबीज मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय की जंगली प्राण्याचा चावा हा थेट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरायचा. पाळीव कुत्रा असेल तर निदान दहा दिवस तो जिवंत राहतो का ते बघता येतं, तेही उपचार सुरू करून. उलुवाटूच्या माकडावर कोण नजर ठेवणार? माकडापासून माणसाला रेबीज झाल्याची उदाहरणं कुत्र्याच्या मानाने फारच कमी आहेत हे मला मान्य आहे, उगाच कोणाला घाबरवायचं नाही. पण एकदा लक्षणं दिसली की या रोगातून माणूस जवळपास वाचतच नाही. त्यामुळे "बहुतेक काही होणार नाही" या बोलण्याला इथे अर्थ उरत नाही.

तिसऱ्या वर्गाच्या जखमेत लसीबरोबर सिरम द्यावं लागतं. इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात त्याला, पण दवाखान्यात सगळे सिरमच म्हणतात. लस टोचली की शरीर स्वतःची ताकद तयार करतं, पण त्याला आठवडाभर तरी लागतो. तोपर्यंत विषाणू जखमेतून नसेत शिरू नये म्हणून तयार प्रतिद्रव्यं थेट जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचतात. हे माणसाच्या वजनावर ठरतं. माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोला २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर किलोला ४०. मामी साठ किलोची, म्हणजे १२०० किंवा २४०० युनिट. आणि हे लसीच्या पहिल्या डोसबरोबर द्यायचं. काही कारणाने राहिलं तर पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच. त्यानंतर देऊन उपयोग नाही.

आता आमची वरात ऐका. दुसऱ्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात लस होती, सिरम नव्हतं. "बाहेरून आणा." तीन मेडिकलवाले फिरलो. एकाने "रेबीजची लस आहे की" म्हणून लसच हातात ठेवली. चौथ्याकडे मागवून मिळतं, उद्या संध्याकाळी. शेवटी सोमवारी सकाळी ओळखीच्या एका नर्सताईंच्या मदतीने योग्य ठिकाणी पोचलो आणि लस, सिरम दोन्ही झालं. चावा मंगळवारचा, उपचार पुढच्या सोमवारी. सहा दिवस! अंगठ्याच्या जखमेत सिरम टोचताना मामी ओरडली, ते खरं दुखतं. पण डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा: उशीर झाला असला तरी या, महिना झाला असला तरी या. लक्षणं नसतील तोवर उपचार सुरू करता येतात.

आता माझं म्हणणं.

टूरवाल्यांपासून सुरुवात करतो. कोपरखैरण्यात दर दुसऱ्या गल्लीत टूरची पाटी आहे, आणि थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांचा व्हिसा माफ केल्यापासून तर विचारूच नका. विमानतळही आता दाराशी आला. तुम्ही आम्हाला जेवणात पनीर किती वेळा, जैन मिळेल का, स्विमिंगला कुठले कपडे, सगळं सांगता. आफ्रिकेला जायचं असेल तर पिवळ्या तापाची लस घ्या म्हणून दहा वेळा फोन करता, कारण तो दाखला नसेल तर विमानतळावर अडवतात. रेबीजसाठी कोणी दाखला मागत नाही, म्हणून तुम्ही एक शब्द काढत नाही. बालीत २००८ पर्यंत रेबीज नव्हता. त्या वर्षी शिरला आणि अजून गेलेला नाही. हे जगजाहीर आहे. मग माकडांच्या देवळात माणसं नेताना बसमध्ये दोन मिनिटं बोलायला काय जातं? चष्मा काढून ठेवा, पिशवीत खायचं ठेवू नका, चावलं तर लपवू नका. आणि चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून! बाटलीतलं घोटभर पाणी नव्हे. हळद नाही, चुना नाही, मिरची तर अजिबात नाही. मग त्याच दिवशी तिथल्या रुग्णालयात.

"घरी जाऊन बघू" हे आपलं ठरलेलं वाक्य आहे. परदेशात डॉक्टर म्हणजे लाखाचं बिल अशी धास्ती असते. पण तुम्ही प्रवासी विमा काढलेला असतो ना? त्या कागदावर चोवीस तासांचा नंबर असतो, तिथे आधी फोन करा, कुठल्या रुग्णालयात जायचं ते विचारा, बिलं जपून ठेवा. बालीत देनपसारला भारताचा वाणिज्य दूतावास आहे. बँकॉकमध्ये तर थाई रेड क्रॉसची राणी सौवभा संस्था आहे. पर्यटक तिथे साप बघायला जातात, पण तिची सुरुवातच रेबीजमुळे झाली. १९११ मध्ये राजघराण्यातली एक मुलगी रेबीजने गेली, त्यानंतर तिच्या वडिलांनी लोकांकडून पैसे जमवून ती उभारायला घेतली. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यात कातडीत लस देण्याची जी पद्धत आहे, तिचं मूळही तिथलंच. म्हणजे तिथल्या डॉक्टरला कळत नाही असं समजू नका, या बाबतीत त्यांचा हात आपल्यापेक्षा मुरलेला आहे. लस तिथे सुरू करायची आणि उरलेले डोस इथे घ्यायचे, हे चालतं. फक्त कुठल्या तारखेला कुठली लस दिली आणि सिरम दिलं की नाही, हे कागदावर लिहून आणा. बालीसारख्या ठिकाणी सिरम दर वेळी मिळेलच असं नाही. तिथे नुसती लस घेऊन आलात तर त्या सात दिवसांचा हिशेब ठेवा आणि उतरल्या उतरल्या दवाखाना गाठा.

आणि हे काही आपल्यालाच लागू नाही. २०१९ मध्ये नॉर्वेची एक तरुण मुलगी फिलिपिन्समधून घरी परतली आणि रेबीजने गेली. रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलं होतं, खेळताना त्याने बारीक चावा घेतला होता. २०२५ मध्ये इंग्लंडमधली एक बाई गेली. तिला फेब्रुवारीत मोरोक्कोत एका पिल्लाने जरासं ओरखडलं होतं, जूनमध्ये संपलं. आणि इतकं लांब तरी कशाला? त्याच जूनमध्ये बुलंदशहरचा बावीस वर्षांचा कबड्डीपटू गेला. गटारात पडलेलं पिल्लू बाहेर काढताना बोटाला चावलं, त्याला वाटलं खेळतानाची दुखापत आहे. आपल्या गावात कबड्डी खेळणारी पोरं किती आहेत? आणि गटारातून पिल्लू काढणारीही तीच असतात.

पोरं अमेरिकेत असलेल्यांसाठी एक वेगळं सांगतो. तिथे कुत्र्यांचा रेबीज जवळपास नाही, पण वटवाघळाचा आहे. झोपायच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर चावल्याची खूण दिसली नाही तरी डॉक्टरला विचारा, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. आजी-आजोबा नातवंडं सांभाळायला सहा-सहा महिने जातात, त्यांना हे कोणी सांगत नाही. झाडूने हाकलून देतात आणि विसरतात.

आता आपली महापालिका. लस पालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळते, ही चांगली गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. माझी मागणी साधी आहे. वाशी, नेरुळ आणि ऐरोली या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत आज सिरम किती आहे, हे रोज सकाळी पालिकेच्या संकेतस्थळावर टाका. रात्री दोन वाजता कुठे जायचं, ते नागरी आरोग्य केंद्राच्या दारावर मराठीत लिहा. माकड, कोल्हा, मांजर, वटवाघूळ, सगळं लिहा, नुसतं "श्वानदंश" नको. आमच्यासारखा माणूस "श्वानदंश" वाचून माकडवालीला घेऊन परत जातो. कोल्हा का म्हणतोय ते माहीत आहे ना? २०२४ मध्ये खाडीपलीकडे चेंबूर-ट्रॉम्बे बाजूच्या कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला होता. खाडीकाठच्या खारफुटीत कोल्हे आपल्या बाजूलाही आहेत. आणि घारापुरीची माकडं पाण्याच्या बाटल्या कशा हिसकावतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

अजून एक. ज्यांना लांब, आडबाजूला जायचंय, लहान मुलं बरोबर आहेत किंवा कामासाठी महिनोन्महिने राहायचंय, त्यांना आधीच लस घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून दोन फेऱ्या, आठवड्याच्या अंतराने, एवढंच पुरेसं मानलंय. ती घेतलेली असेल तर चावल्यावर सिरम लागत नाही, फक्त लसीचे दोन डोस, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. चार दिवस बँकॉक-पट्टाया करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण पालिकेने पैसे घेऊन का होईना, प्रवाशांसाठी ही सोय एका ठिकाणी ठेवली तर काय बिघडतं? आज विचारायला गेलं तर "चावलंय का? नाही? मग कशाला आलात?" असं उत्तर येतं.

टूरच्या माणसाशी मी फोनवर बोललो. भांडायला केला होता फोन, पण पोरगा रडकुंडीला आला. त्याला स्वतःला दोनदा चावलंय आणि त्याने एकदाही लस घेतलेली नाही. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. त्याला म्हटलं, आधी तू दवाखान्यात जा.

मामीचे तीन डोस झाले. जखम भरलीय, हात वळतोय, भाकऱ्या थापायला लागली. पुढचा डोस येत्या सोमवारी आहे आणि ती स्वतःच कॅलेंडरवर गोल करून बसलीय. तुमच्यापैकी कोणाला आपल्या भागात सिरम कुठे, किती वाजता, कसं मिळालं हे अनुभवाने माहीत असेल तर खाली लिहा. ऐकीव नको, स्वतः घेतलं असेल तेच लिहा. मी यादी करून आरोग्य केंद्रात नेऊन देणार आहे.