नुसती सही नको



ज्वारीची खुरपणी बाईची, कापसाची वेचणी बाईची. पण योजना ठरते त्या बैठकीत बाई कुठे असते? १९८६ साली चांदवडला हजारो शेतकरी बाया जमल्या. १९९४ साली राज्याचे महिला धोरण आले. २०११ मध्ये कायदा होऊन पंचायतींत निम्म्या जागा बायांना मिळाल्या. शाळा व्यवस्थापन समितीतही निम्म्या बाया हव्यात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असाही कायदा आहे.

खुर्ची मिळाली, पण पुष्कळ गावांत रजिस्टर घरी येते, चुलीपुढे सही होते आणि बैठकीला नवरा जातो. मग पाणी, रेशन, सातबाऱ्यावर बाईचे नाव हे विषय निघणार कसे?

समितीचे काम बिनपगारी. बैठकीला गेले की दिवसाची मजुरी बुडते, हे खरेच. म्हणून भावांनो, त्या दिवशी धारा तुम्ही काढा, भाकरी तुम्ही थापा. मायबहिणींनो, एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा. ठराव वाचून घ्या, मगच सही करा.

पुढच्या ग्रामसभेआधी लोणी देवकरच्या बायांनी महिला सभा मागावी आणि पहिला विषय सातबाऱ्याचा घ्यावा.