किती तासांत झाली वंदना?

शिखरजीहून परतलेल्या बाईला आपण पहिलं काय विचारतो? "किती तासांत झाली वंदना?" सात म्हटलं की कौतुक, बारा म्हटलं की "अगं बाई, इतके?" मला हा प्रश्नच मान्य नाही.

27 किलोमीटरची वाट. 9 चढ, 9 टोंकांची परिक्रमा, 9 उतार. 24 पैकी 20 तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले, आणि आपण अर्घ्य वाहतानाही घड्याळ बघतो. पार्श्वनाथांचं टोंक गाठलं, फोटो काढला, झालं!

रात्री 2 ला मधुबनातून पळत सुटायचं ते कशासाठी? उन्हाचं कारण सांगतात. थंडीत जातात तेव्हाही तेच. ईर्यासमिती म्हणजे उजेडात, चार हात पुढची जमीन बघत चालणं. नियम मुनींचा, पण श्राविकेने निदान त्या पर्वतावर तरी पाळावा. अंधारात धावताना पायाखाली किती जीव जातात, ते कोण मोजतं? (गुडघे दुखणाऱ्या आजींनी डोली खुशाल करावी, त्यांच्याबद्दल नाही हे.)

पुढच्या वेळी कुणी परतली, की तास विचारू नका. विचारा, गंधर्व नाल्यापाशी घटकाभर बसलीस का गं?