बी चोळणारे हात



पेरणी तोंडावर आली आहे. बीजप्रक्रियेविषयी लिहायचे आहे, पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका गावात देवळापुढच्या पारावर मी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर तासभर बोललो. तक्ता लावला, पत्रके वाटली. पुरुषमंडळी माना डोलावत होती. बायका लांब भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुढे पेरण्या झाल्या आणि एका घरचे दोन एकर रान अर्धेमुर्धेच उगवले. बघायला गेलो, तर घरधनीण एवढेच म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगितलं ह्यांना. बी चोळलं मी."

तिने बी चांगले ओले करून, जोर लावून चोळले होते. सोयाबीनची साल पातळ. ती सुटली की उगवण गेलीच. दुबार पेरणीचा भुर्दंड त्या घराला बसला. "हलक्या हाताने चोळा" असे मी सांगितले होते खरे. पण हलका म्हणजे किती, हे तोंडाने कसे कळावे?

याचे उत्तर पुढे एका वेगळ्याच ठिकाणी वाचायला मिळाले. इटलीतील पार्मा गावी रिझोलाटी नावाचे शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूचा अभ्यास करीत होते. माकडाने हाताने वस्तू उचलली की मेंदूतील काही पेशी जाग्या होत. गंमत अशी, की समोरच्या माणसाने वस्तू उचललेली नुसती पाहिली तरी त्यांतल्या काही पेशी जाग्या होत! हे 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे या पेशींना 'आरसा पेशी' म्हणू लागले. 2005 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी नर्तकांची तपासणी केली. जो नाच स्वतः शिकलेला, तो पाहताना त्यांच्या मेंदूची हालचाल अधिक दिसली. म्हणजे ज्या हाताला कामाची सवय आहे, त्याच्या डोळ्यालाही जास्त दिसते.

या पेशींमुळे नेमके काय काय घडते, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण आपल्यापुरता धडा स्पष्ट आहे. जो काम करणार, त्यानेच ते जवळून पाहावे, लगेच करावे, आणि मग पुन्हा पाहावे.

पुढच्या वर्षी मी तक्ता घरी ठेवला. त्याच बाईंच्या ओट्यावर ताडपत्री अंथरली आणि बायकांना पुढे बसवले. आधी मी केले, मग प्रत्येकीने.

तुम्हीही असेच करा. हातमोजे घालून आधी बुरशीनाशक लावा. त्यानंतर जिवाणू खत, दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम. हा क्रम उलटा करू नका. पाणी बेताचे, जेमतेम खत चिकटेल इतकेच. बी सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

आणखी एक. ओट्यावर पोरे बसलेली असतात. आपण उघड्या हाताने औषध कालवले, तर तेही त्यांच्या डोळ्यांतून हातात उतरते. हातमोजे घालायला त्यांना वेगळे शिकवावे लागू नये, इतके करूया.

त्या बाईंचे रान त्या साली भरून उगवले. आता शेजारच्या बायका बी घेऊन त्यांच्याच ओट्यावर येतात.