व्हिसा कंपनीचा, माणूस आपला

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, की त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस उरतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरला नाही आणि दुसऱ्या व्हिसाचीही सोय झाली नाही, तर गाशा गुंडाळायचा. मुलांची शाळा, घराचा भाडेकरार, बायकोचा व्हिसा, सगळं त्या एका नोकरीला बांधलेलं. म्हणूनच बढतीत सतत डावललं गेलं, बोलण्याच्या ढंगाची भर मीटिंगमध्ये नक्कल झाली, तरी आपली माणसं तोंडातून ब्र काढत नाहीत.

ही भीती वर्षानुवर्षं पुरते, कारण ग्रीन कार्डाची रांगच तशी आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाच्या वाट्याला त्यातली जेमतेम ७ टक्के. भारतीयांची उमेदीची वर्षं या रांगेत सरतात.

न्यू जर्सीत एका घरगुती गणपतीला भेटलेला तरुण हातातली प्रसादाची वाटी तशीच धरून हळू आवाजात सांगत होता, “दोन महिने बेंचवर आहे, पगार बंद. विचारायला गेलो तर आय-१४० मागे घेऊ म्हणतात.” कंपनीचं वागणं कायद्याला धरून नव्हतं. प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलेल्या एच-१बीवाल्याचा पगार थांबवता येत नाही. त्याविरुद्ध कामगार खात्याकडे १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. आय-१४० हा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज मंजूर झाल्यानंतर कंपनीने तो मागे घेतला, तरी रांगेतली तारीख सहसा आपलीच राहते. त्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने वंश आणि मूळ देश यांवरून कामाच्या ठिकाणी भेदभाव करायला बंदी घातली. हे संरक्षण व्हिसाधारकालाही आहे, आणि तक्रार केली म्हणून सूड उगवणं हेही बेकायदेशीरच ठरतं. कागदपत्रं नसताना रेस्टॉरंटच्या भटारखान्यात राबणाऱ्यालाही केलेल्या कामाचं किमान वेतन मागता येतं. पण ज्याचं बिऱ्हाडच मालकाच्या सहीवर उभं आहे, त्याने एकट्याने हा हक्क बजावायचा कसा?

इथे आपल्या महाराष्ट्र मंडळांनी पुढे यायला हवं. गणेशोत्सव, दिवाळी, मराठी शाळा हे सगळं मंडळं निष्ठेने करतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण ओळख होताच “कुठल्या कंपनीत? ग्रीन कार्ड झालं का?” असं विचारलं जातं आणि नोकरी गेलेला माणूस पुढच्या कार्यक्रमाला येईनासा होतो. नेमकी गरज असते तेव्हाच तो तुटतो.

मंडळांनी दर तिमाहीला इमिग्रेशन आणि कामगार कायद्याच्या वकिलाला बोलवावं. नोकरी गेलेल्यांची वर्गणी माफ करावी. एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर, घरी बसलेल्या शिकल्यासवरल्या बायकांना कार्यकारिणीत घ्यावं. विद्यार्थी, स्वयंपाकी, मुलं सांभाळणाऱ्या मावशी यांनाही सन्मानाने आमंत्रण जावं, निव्वळ कामापुरतं नव्हे.

सर्वांत मोठी जबाबदारी नागरिकत्व मिळालेल्यांची आहे. त्यांचा व्हिसा कुणाच्या हातात नाही आणि मतदानाचा हक्क त्यांच्याकडे आहे. सहकाऱ्यावर अन्याय होताना पाहिला, तर त्यांनी लेखी साक्ष द्यावी, आणि आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याला ७ टक्क्यांच्या मर्यादेबद्दल जाब विचारावा. त्यांतल्या अनेकांनी हीच रांग सोसली आहे. मागे उभ्या असलेल्यांसाठी बोलणं हे त्यांचं कर्तव्यच आहे.