आधी सांगायचं राहिलं

१९ ऑगस्ट २०२३ हा शनिवार होता. देवगाव रंगारीच्या शिवारात चाळीतला उन्हाळ कांदा चार महिने सांभाळून झाला होता आणि भाव नुकता कुठे हलायला लागला होता. त्याच दिवशी केंद्रीय अर्थ मंत्रालयाची अधिसूचना आली. कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, अंमल तत्काळ. सोमवारी लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. लासूर स्टेशन आणि वैजापूरचा बाजारही लासलगावकडे बघूनच बोलतो, त्यामुळे आपल्याकडेही ट्रॅक्टर भरायचे थांबले. मंगळवारी सरकारने २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन खरेदीची घोषणा केली आणि ही बातमी राज्याला तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी जपानच्या दौऱ्यावरून कळवली. कांदा एवढा आंतरराष्ट्रीय झालाय, हे त्या आठवड्यात गावातल्या पारावरही सगळ्यांना पटलं.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा कशाला, असं वाचक विचारतील. उत्तर सोपं आहे. आपल्या तालुक्यातल्या कांद्याचा, कपाशीचा, तुरीचा भाव अडत्याच्या ओट्यावर पुकारला जातो, पण त्याची चौकट राजपत्रात ठरते. सातबारा, फेरफार, पीकविमा यांची कलमं आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनाही पाठ असतात. ज्या दोन कलमांवर वर्षाची कमाई टांगलेली असते, ती मात्र फारशी कुणाला माहीत नसतात.

पहिलं, विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा १९९२, कलम ३. या कलमाखाली केंद्र सरकार राजपत्रात आदेश काढून कोणत्याही मालाची आयात-निर्यात बंद करू शकतं, तिच्यावर अटी घालू शकतं. दुसरं, सीमाशुल्क दर कायदा १९७५, कलम ८. तातडीची परिस्थिती आहे अशी सरकारची खात्री झाली, की निर्यातशुल्क आधी लागू होतं. संसदेची मंजुरी मागाहून घ्यायची असते.

हे अधिकार सरकारकडे असू नयेत, असं आम्ही म्हणत नाही. पावसाने पीक गेलं आणि शहरात कांदा शंभरीला पोचला, तर सरकारने हात बांधून बसावं असं कोण म्हणेल? शिवाय हेच कलम ३ शेतकऱ्याच्या बाजूनेही वापरलं गेलंय. २०१९ साली कडधान्यांच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा आयातदार गॅट या जागतिक व्यापार कराराचा हवाला देत न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचना वैध ठरवल्या. तुरीला जो थोडा आडोसा मिळाला, तो त्या कलमामुळे. पुढे मे २०२१ मध्ये तूर आयात पुन्हा खुली झाली, ती गोष्ट वेगळी.

आमची तक्रार आहे ती वेळेबद्दल.

उन्हाळ कांद्याचं रोप टाकायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी एप्रिलच्या आसपास. मग चाळ. चाळीच्या फळ्यांमधून काळपट पाणी ठिबकायला लागलं की आत कुठेतरी सड धरली म्हणून समजायचं. मग वास येईल तिथून उपसायचं, निवडायचं, पुन्हा भरायचं. वजन रोज घटत असतं, आणि तरी माणूस थांबतो, कारण श्रावणानंतर भाव येईल हा हिशेब त्याने रोप टाकतानाच केलेला असतो. दहा महिन्यांचा हा हिशेब एका संध्याकाळी उलटतो.

ते एकदाच घडलं असतं तर वाईट वर्ष म्हणून सोडून दिलं असतं. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठवली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ ला उठवली. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ७ डिसेंबरच्या आदेशाने सरसकट बंदी. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. मार्चमध्येच पुढील आदेशापर्यंत लांबवली. लोकसभेचं मतदान सुरू असताना मे महिन्याच्या सुरुवातीला उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्काचं ओझं ठेवून. (दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, त्यात कांद्याचा वाटा किती हे ज्याने त्याने ठरवावं.) सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं.

डिसेंबरच्या त्या आदेशात सूट कुणाला होती, तेही बघण्यासारखं आहे. जहाजात माल चढायला सुरुवात झालेली असेल, किंवा शिपिंग बिल भरून झालेलं आणि जहाज बंदरात आलेलं असेल, किंवा माल कस्टमच्या ताब्यात दिलेला असेल, तर तो जाऊ शकत होता. ज्याचा ट्रक कसारा घाटात होता तो या तिन्हींत बसत नव्हता. दुबईच्या नाहीतर कोलंबोच्या ग्राहकाशी केलेला सौदा मोडला, की निर्यातदार सरकारी आदेशाकडे बोट दाखवून भरपाईतून कदाचित सुटतो. ग्राहक मात्र पुढच्या खेपेला इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानकडे चौकशी करून ठेवतो. अशी गेलेली गिऱ्हाइकी आदेश मागे घेतला म्हणून परत येत नाही.

२०१९ च्या बंदीनंतर चारपाच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, असं त्या भर सभेत हसत म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं होईल, हेही. सभा हसली. अकरा महिन्यांनी पुन्हा बंदी आली.

गंमत म्हणजे हसीनाबाई विनोदात जे मागत होत्या, ते जागतिक व्यापार संघटनेच्या कागदावर आहेच. गॅटचं अकरावं कलम निर्यातबंदीला मनाई करतं, पण अन्नपदार्थांच्या गंभीर टंचाईत तात्पुरत्या बंदीची मुभा देतं. शेतीविषयक कराराचं बारावं कलम पुढे सांगतं, की अशी बंदी घालण्याआधी शक्य तितक्या लवकर लेखी कळवा आणि आयातदार देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करा. विकसनशील देशांना यातून सवलत आहे, मात्र त्या पदार्थाचा निव्वळ निर्यातदार असलेल्या देशाला नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. म्हणजे ढाक्याच्या गृहिणीसाठी आगाऊ सूचनेची तरतूद कागदावर तरी आहे. देवगावच्या कांदेवाल्यासाठी तेवढीही नाही.

आणि भाव पडतो तेव्हा? फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजारात ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव; हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात पडला दोन रुपयांचा धनादेश. त्या आठवड्यात कुठल्याही कलमाखाली तातडीची परिस्थिती उद्भवल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

शरद जोशींनी १९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं, त्याआधी ते स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. नव्वदच्या दशकात गॅटच्या मसुद्यामुळे गावोगाव ‘डंकेल’ ही शिवी झाली होती, तेव्हा हा माणूस खुल्या बाजाराच्या बाजूने उभा राहिला. त्यांचं सगळंच आम्हाला पटत आलंय असं नाही. पण परदेशी बाजारापेक्षा आपलंच सरकार शेतकऱ्याचा भाव जास्त पाडतं, हे त्यांचं म्हणणं खोडून काढायला २०१९ पासूनचा कांदा आमच्या उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत २०२५ मध्ये उलट्या बाजूने, म्हणजे आयातशुल्कावरून, सरकारच्या अशाच तातडीच्या अधिकाराचा प्रश्न कोर्टात गेला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन जगभरच्या मालावर आयातशुल्क लावलं. भारताच्या वाट्याला २७ ऑगस्टपासून ५० टक्के आलं. त्या अधिकाराविरुद्ध दाद मागणाऱ्यांत वाइन आयात करणारी एक छोटी पेढी आणि शैक्षणिक खेळण्यांची एक कंपनी होती. २९ ऑगस्टला तिथल्या अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी सरकारच्या विरोधात निकाल दिला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. निकाल काहीही असो, कर लावण्याचा अधिकार नेमका कुठून आला, असा जाब तिथल्या दुकानदाराने विचारला. आपल्याकडे बाजार समित्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, सोसायट्या एवढ्या आहेत. त्यातल्या किती जणांनी अधिसूचना मुळातून वाचलीय?

आमची मागणी एका ओळीत मावते. कांद्याच्या रोपाआधी आणि कपाशीच्या पेऱ्याआधी त्या हंगामाचं आयात-निर्यात धोरण जाहीर करा, आणि मध्ये बदलायचंच असेल तर किमान झालेल्या सौद्यांना आणि वाटेतल्या मालाला वाट द्या.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीतून वाचलेली कपाशी दिवाळीच्या सुमारास वेचणीला आली होती. अमेरिकी शुल्काने कापड गिरण्या अडचणीत आल्या म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, पण भिजलेल्या कापसाला कापूस महामंडळाचे (सीसीआय) निकष किती सोसतील, ही धास्ती घरोघर होती. दिवाळीच्या खर्चाला थोडा विकून उरलेला घरात ठेवायचा, की सगळाच मोकळा करायचा, याचा निर्णय लोकांना त्याच पंधरवड्यात घ्यायचा होता. १ जानेवारी २०२६ ला शुल्क परत लागणार की माफी आणखी लांबणार, हे तेव्हा दिल्लीने सांगितलेलं नव्हतं.