कळलावीचा इशारा

पावसाळ्यात पुसदच्या परिसरासह विदर्भातील रानांत तांबड्या-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी फुलते. फूल देखणे, कंद मात्र जहाल विषारी. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप लावण्याची जुनी चाल होती. त्यातूनच तिला हे नाव पडले. ‘भावप्रकाश’ तर तिला ‘गर्भनुत्’ म्हणजे गर्भ बाहेर लोटणारी म्हणतो. गर्भिणीने या वनस्पतीच्या वाटेस जाऊ नये, हा इशारा आपल्या पूर्वजांनी तिच्या नावातच कोरून ठेवला.

आणि आज? घरात सून गरोदर राहिली की कोणीतरी पुडी आणून देतो आणि सांगतो, “झाडपाल्याचेच औषध आहे, अपाय काय होणार?” तांड्यावरच्या झोपडीत आणि शहरातल्या सुशिक्षित घरात हे वाक्य सारख्याच विश्वासाने उच्चारले जाते. वस्तुतः आयुर्वेदाने असे कधीच म्हटलेले नाही. चरकाचार्यांनी गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राची उपमा दिली. तिला धक्का लागू न देता जपावे, दूध-तुपाचा सौम्य आहार द्यावा, तीक्ष्ण औषधे टाळावीत, हा त्यांचा दंडक.

आधुनिक विज्ञानही तेच सांगते. गर्भाचे हृदय, मेंदू, हातपाय यांची मूळ घडण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. त्यातला काही काळ तर दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच सरलेला असतो. कळलावीतील कॉल्चिसिन हे द्रव्य पेशींचे विभाजनच रोखते. वार हे अभेद्य कवच नव्हे, हा धडा जगाला १९६१ मध्ये थॅलिडोमाइडने शिकवला. ती गोळी कारखान्यातली होती. पण गर्भाला कारखाना आणि रान हा भेद कळत नाही.

सर्वांत घातक पुडी ती ‘मुलगा होण्याची’. गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच, पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्राने ठरते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिलेले कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. त्या नाजूक काळात बाळाला इजा मात्र करू शकते. हरियाणात झालेल्या अभ्यासात अशी औषधे घेणे आणि बाळातील जन्मजात व्यंगे यांचा संबंध आढळला. पुंसवनाचा उल्लेख ग्रंथांत आहे, हे खरे; पण त्याच्या आडून पुड्या विकणे हा ग्रंथांचा सन्मान नव्हे.

भेसळीचा धोका वेगळाच. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण घातक आढळले. भारतातून आलेली आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधे त्यांनी घेतली होती. शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि त्याच्या मेंदूला बाधते. अशा एका बातमीने खऱ्या वैद्याच्या तपश्चर्येलाही कलंक लागतो.

कायद्याने कळलावी, गुंज, बचनाग यांसारखी द्रव्ये आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत घातली आहेत. ती असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. बिननावाच्या पुडीवर ती कोण छापणार?

म्हणून घराघरांत काही पथ्ये पाळली जावीत. घटकांची नावे नसलेले औषध गर्भिणीच्या ओठी लावू नये. काढा असो वा चूर्ण, नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना ते न लपवता सांगावे. लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. सासूबाईंनी आग्रह धरला, तर सुनेऐवजी मुलाने ‘नाही’ म्हणावे.

आयुर्वेदाचा अभिमान जरूर असावा. पण ज्या परंपरेने वनस्पतीच्या नावातच धोक्याची खूण ठेवली, तिचे वारस म्हणवणाऱ्यांनी निदान ते नाव तरी वाचायला हवे.